फाटकाची चावी : नागपूरच्या पुरात एका मंडळीनं काय केलं, काय चुकलं

शनिवार, २३ सप्टेंबर २०२३. पहाटे चारच्या सुमारास आमच्या चर्चच्या फाटकाबाहेर चाळीसेक माणसं भिजत उभी होती आणि फाटकाला कुलूप होतं. चौकीदार महालक्ष्म्यांसाठी, म्हणजे गौरींच्या सणासाठी, गावी गेलेला. दुसरी चावी चर्चचे धर्मगुरू, म्हणजे पाळकसाहेब, यांच्याकडे, आणि पाळकसाहेब राहतात नदीच्या पलीकडे. मधला पूल पाण्याखाली. मंडळीचा, म्हणजे चर्चच्या सभासद-समूहाचा, सचिव म्हणून तिसरी चावी माझ्याकडे असायला हवी होती. ती रंगकामाच्या वेळी ठेकेदाराला दिली होती, परत मागायची राहिली. शेवटी तरुण संघातला एक मुलगा भिंतीवरून आत उतरला आणि त्यानं सब्बलीनं कुलूप तोडलं. तोवर पाऊण तास गेला होता.

पुढं खजिनदारांनी मदतकार्याचा हिशेब लिहायला घेतला तेव्हा पहिल्या पानावरची पहिली नोंद होती : नवीन कुलूप, रुपये ३५०.

त्यानंतर इतर मंडळ्यांतले लोक विचारत राहिले की तुम्ही काय सामान साठवून ठेवलं होतं. त्यांच्यासाठी हे प्रकरण लिहितोय. मंडळीचं आणि वस्तीचं नाव मुद्दाम देत नाही. इथल्या अनेकांच्या घरच्या अडचणी यात आहेत.

पाणी कुठून आलं

त्या रात्री नागपुरात चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. अंबाझरी तलाव ओसंडला. त्याच्या सांडव्याचं पाणी नाग नदीत येतं आणि नदी शहराच्या पोटातून जाते. अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट, सीताबर्डी, मोरभवनचा बसस्टँड, सगळीकडे पाणी शिरलं. शंकरनगरच्या मूकबधिर शाळेतली मुलं बाहेर काढावी लागली. एसडीआरएफ, एनडीआरएफ (राज्याचं आणि केंद्राचं आपत्ती दल) आणि लष्कराच्या तुकड्या बोटी घेऊन उतरल्या. नागपूरकरांनी शहरात बोट पाहिली ती तोवर फुटाळा नाहीतर अंबाझरी तलावावरच.

आमची वस्ती नदीच्या खालच्या अंगाला आहे. बौद्ध आणि हिंदू घरं जास्त, काही मुसलमान, ख्रिस्ती मोजकेच. मंडळीतली बहुतेक कुटुंबं आता शहरभर पांगलीत, रविवारी गाड्यांवर येतात. चर्च मात्र जुनं, दगडी, चार पायऱ्यांच्या जोत्यावर. बांधणाऱ्यांनी ते कौतुकासाठी उंच केलं की पाण्याच्या धाकानं, देव जाणे. नागपूरचे सुरुवातीच्या काळातले मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावानं कॉलेज आहे, ते १८६३ च्या सप्टेंबरातच टाकळघाटाकडून परतताना पूर आलेला ओढा ओलांडताना बुडाले. त्यामुळे इथल्या पावसाळ्याची जाण आमच्या पूर्वजांना नव्हती असं म्हणवत नाही.

भेटींची वही

कुलूप तुटल्यावर दहा मिनिटांत आमच्या हातून एक चांगली गोष्ट झाली. ती कोणी ठरवून केली नव्हती.

महिला मंडळाची एक वही आहे. दर बुधवारी बायका दोघी-दोघींनी आजाऱ्यांच्या आणि एकट्या म्हाताऱ्यांच्या घरी जातात, कोणाकडे गेलो ते त्या वहीत लिहितात. सुरुवातीला फक्त मंडळीतली घरं होती. पण शेजारची म्हातारी दारात बसून "माझ्याकडे काऊन येत नाही जी?" म्हणाली की तिचंही नाव चढतं. असं करत करत त्या वहीत वस्तीतली वीस-बावीस घरं झाली होती. कोण अंथरुणाला खिळलंय, कोणाचं डायलिसिस चालू आहे, कोणाला ऐकू येत नाही, कोणाचा मुलगा पुण्याला असतो, सगळं पेन्सिलनं.

वही चर्चमध्ये नव्हती, मंडळाच्या सेक्रेटरी काकूंच्या घरी होती आणि त्यांच्या घरात गुडघाभर पाणी होतं. काकूंनी सोनं-नाणं सोडून ती वही पोलक्यात खोचून आणली असं लोक सांगतात. काकू स्वतः म्हणतात, "पिशवीत होती, पिशवी हातात होती, त्यात काय!" काही असो. मोबाईलच्या उजेडात त्यांनी नऊ घरं वाचून दाखवली आणि तरुण संघाची पोरं तिघातिघांनी निघाली. लकवा मारलेल्या एका बाबांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी खांद्यावर आणलं. एका बहिऱ्या आजीच्या दारावर कितीही थापा मारल्या तरी उघडत नव्हतं. त्यांना ऐकूच येत नाही हे वहीत लिहिलं नसतं, तर घरात कोणी नाही असं समजून पोरं परत फिरली असती. छपराचे कवेलू (कौलं) काढून आत उतरले.

त्या रात्री शहरात जे गेले त्यांत अर्धांगवायूनं जागचं हलू न शकणारी एक बाईही होती, हे आम्ही दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं. तेव्हा काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

एरवी असं काम नगरसेवक आणि त्याची माणसं करतात. कोणाच्या घरी कोण आहे हे त्यांना पाठ असतं. पण महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती, प्रशासक होता, आणि वस्तीत होते ते माजी. धावून आले तेही, पण हाताखालची माणसं पांगलेली. म्हणून वहीचं महत्त्व आणखी वाढलं.

देवळात गणपती

गणपती बसून चार दिवस झाले होते, आणि आदल्या दिवशीच महालक्ष्म्यांचं पूजन झालेलं. विदर्भात महालक्ष्म्यांना केवढा मान असतो ते सांगायला नको. पाच वाजून गेल्यावर एक कुटुंब आलं. बापाच्या डोक्यावर परातीत गणपती, आईच्या छातीशी टॉवेलात गुंडाळलेले दोन मुखवटे, मागं दोन पोरी. बाप फाटकाच्या आत आला, पायऱ्यांपाशी थांबला आणि म्हणाला, "काकाजी, आमी बाहेरच उभे राहतो. यायले फक्त कोरड्यात ठेवा."

आमच्या वडीलमंडळींपैकी, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्यांपैकी, एकजण माझ्या शेजारी होते. ते हळूच म्हणाले, "देवळात मूर्ती कशी ठेवायची?" आम्ही चर्चलाही देऊळच म्हणतो. ते वाईट माणूस नाहीत. पहाटेपासून ओल्या पायांनी सतरंज्या पसरत होते. त्यांचा प्रश्न त्यांच्यापुरता खरा होता, आणि अशा वेळी तो प्रत्येक मंडळीत कोणीतरी विचारणार. पाळकसाहेबांना फोन लावला. नेटवर्क तुटत होतं. ऐकू आलं ते एवढंच : "आधी आत घ्या. जागेचं आपण मग पाहू."

संडे स्कूलची खोली बाजूला आहे, तिला स्वतंत्र दार आहे. मुलांच्या टेबलावरचे खडू आणि तक्ते काढले, कोरडी चादर घातली, त्यावर परात ठेवली. महालक्ष्म्यांचं विसर्जन त्याच दिवशी असतं, ते त्या माउलीनं खोलीच्या दाराशी अक्षता टाकून केलं. संध्याकाळी त्या खोलीत आरतीही झाली. टाळ नव्हते, मुलांनी डब्याची झाकणं वाजवली. त्याच वेळी पलीकडे मोठ्या खोलीत आमची एक म्हातारी बाई तोंडातल्या तोंडात स्तोत्र म्हणत बसली होती. कोणी कोणाला थांबवलं नाही.

दुपारी दोन तरुण मोबाईल उंचावून व्हिडिओ काढत आत आले. "इथं काय चालू हाय?" असा सूर. हे नागपूर आहे. ख्रिस्ती लोकांनी पंगत मांडली की कोणाच्या तरी मनात धर्मांतराची शंका येते, आणि तिच्यावर चिडून फायदा नसतो. मी त्यांना संडे स्कूलच्या खोलीत नेलं. गणपती पाहिला, एकानं हात जोडले, दुसऱ्यानं मोबाईल खिशात टाकला. तो व्हिडिओ कुठं फिरला नाही.

त्याच दिवशी नियम लिहून फाटकावर लावला. कोणी धर्माची पुस्तिका वाटायची नाही, जेवणाआधी सगळ्यांकडून प्रार्थना म्हणवून घ्यायची नाही, मदत घेणाऱ्याचा फोटो काढायचा नाही. रेडक्रॉस आणि इतर मदतसंस्थांनी १९९४ मध्ये जी आचारसंहिता मान्य केली, तिच्यातही हेच आहे : मदतीचा उपयोग कुठल्याही धार्मिक किंवा राजकीय मताच्या प्रचारासाठी करायचा नाही. या नियमाचा पहिला फटका आपल्याच माणसांना बसला. शहरातल्या दुसऱ्या एका प्रार्थना गटाचे लोक बॅनर आणि पुस्तिका घेऊन आले. पाण्याचे जार आम्ही ठेवून घेतले, बॅनर गाडीतच राहू दिला. ते रुसून गेले. अजून थोडे रुसलेले आहेत.

रविवारची उपासना व्हरांड्यात झाली, आठ वाजता, अर्ध्या तासाची. बाक सगळे झोपायला लावले होते, म्हणून मंडळी उभीच. त्या दिवशीचं अर्पण पाळकसाहेबांनी तिथंच पूरग्रस्तांच्या खात्यात लिहायला सांगितलं.

त्रेसष्ट माणसं, दोन संडास

मुख्य खोली चाळीस बाय पंचवीस फुटांची, म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे किमान निकष माणशी साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा धरतात. त्या हिशेबानं आमच्याकडे २६ माणसं मावतात. पहिल्या रात्री ६३ होती. बायका-मुलं आत, पुरुष व्हरांड्यात आणि ऑफिसात. निकषांत तीस माणसांमागं एक संडास धरलाय. आमच्याकडे दोन होते, पण त्यांतल्या एकाची कडी आतून लागत नव्हती. ती कडी बसवण्याचा विषय तीन वर्षं समितीच्या टिपणात होता. बायका रात्रभर एकमेकींसाठी दाराशी उभ्या राहिल्या. ही आमची लाज आहे, म्हणून लिहितो.

पाण्याचं गणित असं. पिण्यासाठी माणशी तीन लिटर, म्हणजे रोज वीस लिटरचे दहा जार. वापरासाठी माणशी पंधरा लिटर धरलं तर हजार लिटरची टाकी एका दिवसात संपते. वीज बंद, मोटर बंद, टाकी शनिवारी संध्याकाळीच तळाला. इथं जवळच्या मशिदीच्या कमिटीनं टँकर मिळवून दिला. संध्याकाळचं जेवण शेजारच्या बुद्धविहारानं अंगावर घेतलं, कारण त्यांच्याकडे भट्टी आहे आणि रोज शेकड्यानं माणसं जेवू घालायचा त्यांना सराव आहे. आमच्याकडे प्रीतिभोजनाचे, म्हणजे मंडळीच्या सामुदायिक जेवणाचे, मोठे गंज (पातेली) आणि पराती होत्या, त्या विहारात गेल्या. हंगामाच्या सणासाठी मंडळीतून आलेले तांदूळही गेले. सकाळचे पोहे आणि चहा आमच्याकडे. हे कोणी बैठक घेऊन ठरवलं नाही. विहाराचे अध्यक्ष आणि आमच्या काकू एकाच शाळेत शिकवत होते, त्यांनी फाटकात उभ्याउभ्या वाटून घेतलं.

मंडळीत नर्स पुष्कळ, हे आमचं जुनं भाग्य. दोघींनी व्हरांड्यात टेबल मांडलं. पायाच्या जखमा साबणानं धुऊन बांधायच्या, कारण उंदरांचं मूत मिसळलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस जखमेवाटे शिरतो. गोळी द्यायची तर डॉक्टरच्या चिठ्ठीनंच. ताप आला की थांबायचं नाही, दवाखाना. बीपी आणि शुगरच्या गोळ्या वाहून गेलेले लोक त्यांनी पहिल्याच दिवशी हुडकून काढले. मला वाटतं, तेवढ्यानंच दोन-तीन मोठी दुखणी टळली.

कपड्यांचा डोंगर

रविवारी दुपारी मी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं : "वस्तीत मदतीची गरज आहे, जमेल ते आणा." आयुष्यात एवढा महागात पडलेला मेसेज मी दुसरा लिहिलेला नाही. संध्याकाळपर्यंत ऑफिसच्या खिडकीच्या उंचीएवढे कपडे. लग्नातले शेरवानी, बटणं तुटलेले शर्ट, एक पाय नसलेला पायजमा, स्वेटर. आठ पोरं दोन दिवस नुसती निवडत बसली. ती पोरं त्या वेळी घराघरातून गाळ काढायला हवी होती.

सोमवारी दुसरा मेसेज गेला. कपडे नकोत. हवेत ते : रबरी वायपर, फावडी, घमेली, खराटे, बादल्या, ब्लीचिंग पावडर, बायकांसाठी नवीन आतले कपडे आणि सॅनिटरी पॅड, कोऱ्या वह्या. प्रत्येकापुढं आकडा, आणि आकडा पुरा झाला की त्या ओळीवर रेघ. दोन दिवसांत सगळं मिळालं. उरलेल्या कपड्यांचं काय करायचं हा प्रश्न नोव्हेंबरपर्यंत चालला. शेवटी महिला मंडळानं भांडेवालीला बोलावलं आणि जुन्या कपड्यांवर तीन नवे स्टीलचे गंज घासाघीस करून घेतले. खजिनदार म्हणाले, याचं व्हाउचर कसं करू? ते त्यांनी कसं केलं, मी विचारलं नाही.

पैशांच्या बाबतीत मात्र ते कडक राहिले, आणि ते बरंच झालं. मंडळी सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहे, म्हणून प्रत्येक रुपयाची पावती. परदेशातल्या एका मंडळीनं आमच्या एका कुटुंबामार्फत पैसे पाठवतो म्हटलं. आम्ही नको म्हणालो. परदेशी देणगी घ्यायला २०१० च्या कायद्याखाली नोंदणी किंवा परवानगी लागते, पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेनं ते आमच्याकडे वळवणंही चालत नाही. आमच्याकडे नोंदणी नाही. तरुण पोरं नाराज झाली, "लोकं उपाशी आणि तुमी कागदं पाहून राहिले" म्हणाली. पण उपाशी कोणी नव्हतं, आणि चौकशीची एक नोटीस आली असती तर पुढची दहा वर्षं कोणी मदतीचं नाव काढलं नसतं.

पंचनाम्याचं टेबल

पाणी उतरलं, टीव्हीवाले गेले, जारही यायचे थांबले. खरं काम त्यानंतर लागलं, आणि त्याला कुठल्याच मंडळीची तयारी नसते.

सरकारनं घरात पाणी शिरलेल्या कुटुंबाला दहा हजार, दुकानाला पन्नास हजारांपर्यंत, टपरीला दहा हजार अशी मदत जाहीर केली. मिळणार पंचनाम्यावर. पंचनाम्याचं पथक दिवसा येणार, आणि वस्ती दिवसा कामावर. दाराला कुलूप दिसलं की पथक पुढं. पथकाचंही काही चूक नाही, त्यांच्या यादीत शेकडो घरं.

भाडेकरूंचं दुखणं वेगळं. वीजबिल मालकाच्या नावावर, आधार गावाच्या पत्त्यावर, भाडेकरार तोंडी. एका घरात दोन भाऊ, दोन चुली, पण रेशनकार्ड एकच, मग कुटुंब एक की दोन? काही मालकांनी सांगितलं की घर माझं, पैसे माझे. ज्याचा फ्रिज आणि पोरीची पुस्तकं बुडाली तो भाडेकरू गप्प, कारण उद्या खोली खाली करायला सांगतील.

आमच्या मंडळीतल्या दोन कॉलेजच्या मुली आणि तहसीलमधून निवृत्त झालेले एक काका, यांनी फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली टेबल टाकलं. रोज संध्याकाळी सहा ते नऊ, तीन आठवडे. काकांनी पहिल्या दिवशी एकच धडा दिला : गाळ धुण्याआधी फोटो. भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेला टेप लावून, माणूस शेजारी उभा करून, दाराचा नंबर दिसेल असा. निम्म्या घरांनी भिंती आधीच धुऊन टाकल्या होत्या, तिथं शेजाऱ्यांची साक्ष लिहून घेतली. प्रत्येक कुटुंबाचं एक पाकीट : फोटो, आधारची झेरॉक्स, पासबुकाचं पहिलं पान, कुटुंबातली नावं, दुपारी घरी कोण सापडेल त्याचा मोबाईल. भाडेकरू असेल तर शाळेचा दाखला, गॅसचं कार्ड, पत्ता दाखवणारं काहीही.

भिजलेल्या कागदांचं वेगळंच काम. मार्कशीट उन्हात टाकल्या की वाकतात, शाई फुटते. सावलीत, वर्तमानपत्राच्या दोन घड्यांमध्ये, वर वजन. आमच्या पुलपीटवरचं, म्हणजे प्रवचनाच्या व्यासपीठावरचं, मोठं बायबल दोन दिवस दहावीच्या सात मार्कशीटवर ठेवलं होतं. आधार हरवलेल्यांना पन्नास रुपये भरून नवं कार्ड मागवून दिलं. सगळ्यात चिवट निघाली बँकखाती. कित्येक बायकांची जनधन खाती बंद पडलेली, आणि पैसे जाणार ते खात्यातच. मुली दुपारी त्यांना घेऊन बँकेत जाऊ लागल्या.

पथक दुसऱ्यांदा आलं तेव्हा काकांनी सुटलेल्या घरांची यादी आणि पाकिटं पुढं केली. पथकातल्या माणसानं खुर्ची ओढली आणि तिथंच बसून भरून घेतली. त्यालाही बरं वाटलं असावं. बहुतेकांचे पैसे दिवाळीपर्यंत आले, काहींचे नाताळाच्या आठवड्यात. दोन कुटुंबांचे आलेच नाहीत. दोन्ही भाडेकरू, दोन्ही ठिकाणी मालकाच्या नावावर जमा झाले होते. आम्ही मालकांकडे गेलो. एकानं अर्धे दिले. दुसऱ्यानं दार उघडलं नाही.

आता काय बदललं

फार नाही. संडासाची कडी बसली. वहीची झेरॉक्स निघाली, एक विहारात असते. त्यावरून मात्र आमच्यात वाद झाला, कारण लोकांच्या आजारपणाची माहिती अशी दुसरीकडे द्यावी का? शेवटी घरोघर विचारलं, तीन घरांनी नको म्हटलं, ती नावं झेरॉक्समधून खोडली. मंडळीतल्या इलेक्ट्रिशियननं मीटरची पेटी पाण्याच्या रेघेच्या वर चढवली. पुरानंतर त्यानं वस्तीतली घरं एकेक तपासूनच मेन स्विच चालू करू दिला होता, त्यामुळे आता लोक त्याला ऐकतात. फाटकाच्या चाव्या चार झाल्या. एक पाळकसाहेबांकडे, एक माझ्याकडे, एक काकूंकडे. चौथी फाटकासमोर राहणाऱ्या ऑटोवाल्याकडे, तोच तो गणपतीवाला. समितीत या चौथ्या चावीवर मतदान घ्यावं लागलं. एका मतानं पास झाली.

२०२४ च्या पावसाळ्यात एका रात्री दीडच्या सुमारास पाऊस असा लागला की मला झोप येईना. रेनकोट चढवून फाटकाशी गेलो. काकू छत्री घेऊन आधीच उभ्या होत्या आणि ऑटोवाल्यानं कुलूप काढलेलं होतं. नाल्याचं पाणी दोन हात खालीच राहिलं. त्याच्या बायकोनं चहा आणून दिला, तो पिऊन आम्ही घरी गेलो.